उम्म जर्राहची दुआ

कुवेतमधल्या जहरा गावात त्या रविवारी दुपारी गाड्यांचे भोंगे वाजू लागले, तेव्हा मुनीरा तांदूळ निवडत होती. तिला नावानं कोणी हाक मारत नाही. थोरल्या मुलावरून ती सगळ्यांची उम्म जर्राह, म्हणजे जर्राहची आई. तो जर्राह इराकी फौजेच्या ताब्याच्या काळात रोटी आणायला गेला आणि शिपायांनी त्याला नाक्यावरून ट्रकमध्ये घालून नेलं. वय एकोणीस. त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मेल्याची खबर नाही, म्हणून घरानं शोकही पाळलेला नाही.

"यम्मा, टीव्ही बघ!" मुलगी हुस्सा ओरडली. "सद्दाम सापडला. बिळात लपला होता."

पडद्यावर दाढी वाढलेला म्हातारा होता. हातमोजे घातलेला डॉक्टर बॅटरीच्या उजेडात त्याच्या तोंडात बघत होता. ओळख पटवायला नमुना घेतला, असं बातमीदार सांगत होता.

मुनीरानं परात खाली ठेवली. इराकच्या वाळवंटात पुरलेले कुवेती सापडू लागले, तेव्हा सरकारी माणसांनी तिच्याही गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली होती.

"याची ओळख किती वेळात पटली?"

"लगेच पटली म्हणे."

तिनं परात पुन्हा पुढ्यात ओढली.

संध्याकाळी दीर अबू ताहिर पाकातल्या लुगैमातचा डबा घेऊन आला. "तोंड गोड कर, वहिनी. लवकरच लटकवतील."

"लटकवू नका म्हणावं."

"डोकं फिरलं का तुझं?"

"तो मेला तर माझं पोर कुठं टाकलं ते कोण सांगणार?"

"त्याला काय एकेकाचं नाव ठाऊक आहे?"

"त्याच्या माणसांना ठाऊक असेल. त्यांना विचार म्हणावं त्याला."

त्या दिवसापासून प्रत्येक नमाजनंतर मुनीरा सद्दामला आयुष्य मागू लागली, तेही मोठ्यानं. बायका येईनाशा झाल्या. "ताप आलाय म्हणे त्याला. तुझ्या हातचा काढा पाठव," शेजारीण दारातूनच म्हणाली.

"पाठवला असता," मुनीरा म्हणाली.

दीड वर्षानं फोन आला. काडी वाळूतल्या हाडांशी जुळली होती. पेटी इतकी हलकी होती की दोघांनीच उचलली असती. तरी अबू ताहिरनं गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना खांदा द्यायला लावला. घरात तीन दिवस बिनसाखरेची कॉफी फिरत राहिली. रुसलेल्या बायकाही आल्या.

तिसऱ्या दिवशी अबू ताहिर म्हणाला, "आता तरी त्याच्या फाशीची दुआ माग, वहिनी."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं त्याच्याकडे काही काम राहिलं नाही."

माणसं पांगली. सूर्यास्ताची मगरिबची नमाज झाल्यावर हुस्सा चटई उचलायला गेली. आईचे हात दुआसाठी वर होते. ओठ हलत नव्हते.