पंखा बंद करा, गुणसूत्रं उडतात

ऐंशीच्या दशकात मी पीएच.डी. करत होते. विषय होता, रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशींच्या गुणसूत्रांत काय बिघडतं. आज हे काम कॉम्प्युटर करतो, तेव्हा कात्री करायची. पेशीचा फोटो मोठा करून छापायचा, त्यातली शेहेचाळीस गुणसूत्रं एकेक कापायची, जोड्या लावायच्या आणि कार्डावर डिंकाने चिकटवायची. लॅबमध्ये टेबल एक आणि आम्ही पाचजणी. म्हणून मी फोटो बोरीवलीला घरी आणायचे.

जेवणाच्या टेबलावर कापाकापी सुरू झाली की पंखा बंद. गुणसूत्र म्हणजे कागदाचा नखाएवढा तुकडा, वाऱ्याने थेट मोरीत जायचा. मे महिन्यात बाबा बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घ्यायचे, तेही आमच्याकडे पाठ करून.

"कॅन्सरवर इलाज सापडेल तेव्हा सापडेल," ते म्हणायचे, "त्याआधी मी उकडून जाईन."

आई मात्र न सांगता कामाला लागली. भरतकामाची तिची बारीक कात्री माझ्यापेक्षा सफाईने चालायची. गुणसूत्रांना ती चिमटे म्हणायची. आठवड्याभरात कुठला चिमटा कुणाच्या जोडीचा हे तिला कळायला लागलं.

"तेवीस जोड्या जुळवल्या," ती कात्री ठेवत माझ्याकडे बघून म्हणायची. "चोविसावी तेवढी राहिलीय. घरातच बसलीय."

पुरुषाची पेशी असली की शेवटच्या जोडीत एक अगदी ठेंगणं गुणसूत्र असतं. बाबांनी चष्मा सावरून ते पाहिलं. "आमचं एवढंसंच?"

"हो ना," आई म्हणाली. "आणि घरात आवाज केवढा!"

एका रविवारी एका पेशंटची पेशी चिकटवून झाली आणि ती ठेंगणी जागा रिकामी राहिली. पंचेचाळीसच! पुरुषाच्या पेशीतून पुरुषाचं गुणसूत्रच गायब. कॅन्सरमध्ये असं होतं, हे मी वाचलं होतं. सोमवारी सकाळी मी धावतच आमच्या गाईड मॅडमकडे गेले.

त्यांनी कार्ड पाहिलं. "बाकीच्या पेशी बघितल्यास?"

"अजून नाही, मॅडम."

"न कापलेला फोटो?"

प्रत्येक फोटोची एक प्रत आम्ही न कापता ठेवायचो. मी ती काढून दिली. मॅडमनी कोपऱ्यात पेन्सिलीचं टोक टेकवलं. "मग ही काय, मुंगी आहे?"

ठेंगणे महाराज तिथे आरामात बसले होते. लॅबमधल्या चौघीजणी आपापल्या बाटल्यांकडे फार लक्ष देऊन पाहू लागल्या.

संध्याकाळी बाबांनी ऑफिसातून आल्या आल्या बसच्या तिकिटात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "चष्म्याच्या घराला चिकटलं होतं. दिवसभर ऑफिसात माझ्याबरोबर होतं. तुझंच ना?"

तेव्हापासून आई कापण्याआधी मोजायची आणि चिकटवल्यावर पुन्हा मोजायची. मलाही मोजायला लावायची.

असंच एकदा मोजता मोजता ती थांबली. "अगं, ही जोडी बरोबर नाही. याचा पाय तोकडा आहे."

मी वाकून पाहिलं. बाविसावी जोडी. एका गुणसूत्राचा तुकडा पडलेला. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरची हीच खूण, आणि ती ओळखायला मला तीन आठवडे लागले होते. आईला मी त्याबद्दल अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

"झकास, आई!" मी ओरडले. "हाच तो आजार!"

आई हसली नाही. "कुणाचं आहे हे?"

"नाव नसतं गं, नंबर असतो. चौदा."

"वय?"

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठा."

इतके दिवस आमच्या टेबलावर माणसंच होती, हे माझ्याही त्या दिवशी नीट ध्यानात आलं. आईने तो तोकडा चिमटा बोटाच्या टोकावर घेतला आणि इतक्या हलक्या हाताने चिकटवला, जणू त्याला दुखेल.

मग दर चार दिवसांनी एकच प्रश्न. "चौदा कसा आहे?"

मी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून यायचे. गोळ्या लागू पडल्या होत्या, तो कामावरही जायला लागला होता. काही महिन्यांनी त्याचं रक्त पुन्हा आलं, तेव्हा आईने सगळ्यात आधी बाविसावी जोडी शोधली.

"अजून तोकडाच."

"वाढलेल्या पेशी औषधाने कमी होतात, आई. पाय वाढत नाही."

"मग शिका ना ते," ती म्हणाली. जणू मी आणि मॅडम मुद्दामच टाळत होतो.

पुढे तो गावी गेला आणि तपासणीला यायचा थांबला. डॉक्टरांनाही काही कळलं नाही. "बरा असेल म्हणून येत नसेल," आईने परस्पर ठरवून टाकलं. मी तिला खोडलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या निष्कर्षांवरून मला तासभर धारेवर धरलं. शेवटी कार्डं उलटत म्हणाले, "कापणी मात्र फार सुबक आहे हं तुमची." मी थँक्यू म्हणाले, खरं सांगायचा धीर झाला नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने भाजी परतायची थांबवून विचारलं, "आणि तू काय म्हणालीस?"

"थँक्यू."

"बघा हो," ती बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "झाली तुमची मुलगी डॉक्टर."