आवाज मर्यादेत आहे

आमच्याकडं काम व्हायच्या आधी सत्कार होतो. विद्यापीठानं पदवीच्या पोरांना संशोधनासाठी अनुदान जाहीर केलं, आमच्या कॉलेजातून एकीचाच प्रस्ताव मंजूर झाला, आणि आठवड्याच्या आत फेटे आले. फ्लेक्सवर अध्यक्ष, प्राचार्य, मार्गदर्शक म्हणून मी, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी, ती.

ती उचगावची, पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. वडील एका फौंड्रीत, ओतलेले लोखंडी भाग घासायच्या खात्यात. त्यांना ऐकू येईनासं झालेलं. खातं बदलून द्या म्हटलं की मालक म्हणायचा, "वय झालंय तुमचं, आवाजाचं काय घेऊन बसलाय?" म्हणून तिला त्या खात्यातला आवाज मोजून कागदावर दाखवायचा होता. बस्स, एवढंच. प्रस्तावात 'नवोन्मेष', 'शाश्वत' असले शब्द मी घुसडले. त्याशिवाय समितीच्या घशाखाली काही उतरत नाही.

आवाज मोजायचं यंत्र आलं ते थेट काचेच्या कपाटात गेलं. किल्ली प्राचार्यांकडं. "पोरांच्या हातात देऊन वाटोळं करायचंय व्हय? तपासणी समिती बघून जाऊ दे, मग वापरा." समिती काही येईना. पोरगी मात्र रोज येऊन काचेतून यंत्र बघून जायची.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कपाट बरोबर उघडलं! शिपाईमामांनी प्रयोगशाळेतल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा मांडली. नव्या यंत्राला मान जास्त, म्हणून त्याच्या तोंडालाच, म्हणजे माइकच्या जाळीलाच, बोटभर ओलं हळदीकुंकू लावलं. नारळ मी फोडला.

अहवालाची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा मी हातापाया पडून किल्ली मिळवली. ती यंत्र घेऊन फौंड्रीत गेली आणि तोंड पाडून परत आली. "सर, आकडा वाचनालयातल्यापेक्षा कमी आलाय." यंत्र माझ्या टेबलावर ठेवून तिनं त्याच्याजवळ टाळी वाजवली. आकडा ढिम्म. "जाळीत कुंकू वाळून बसलंय सर. साफ करून परत मोजते. तुम्ही मुदत वाढवून मागा की."

मुदतवाढ म्हणजे अर्ज, खुलासा, चार सह्या आणि 'पूजा कुणी केली' याची चौकशी. शिवाय माझ्या बढतीच्या फायलीला हा प्रकल्प आधीच लागलेला. मी म्हणालो, "अगं, विज्ञानात यंत्र सांगेल ते लिहायचं. आपल्या मनातलं नाही." काय तो माझा थाट!

"सर, बाबांना जेवायला हाक मारली तर शेजारचे येत्यात, बाबा येत न्हाईत."

मी हसलो. खरंच हसलो हो! तिनं खाली मान घालून निष्कर्ष लिहिला, 'आवाज मर्यादेत आहे', आणि मी झोकात सही ठोकली. एक प्रत नियमाप्रमाणं फौंड्रीला गेली. अहवालाला बक्षीस मिळालं. परत फेटे, परत फ्लेक्स. या खेपेला माझा फोटो मोठा होता.

महिन्याभरानं ती स्टाफरूमच्या दारात आली. हातात त्याच अहवालाची झेरॉक्स, खाली माझी सही आणि कॉलेजचा शिक्का. मालकानं ती खात्याच्या दारावर चिकटवली होती. खातं बदलून मागायला गेलेल्या तिच्या वडिलांना त्यानं एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचायला लावली होती. कॉलेजच म्हणतंय, आता बोला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र भांडायला आली नव्हती. जाळी तिनं स्वतःच साफ करून आणली होती. "सर, तुम्ही संगं चला. तुम्ही सांगितलं तर मालक परत मोजू देतील."

गेलो. मालक फाटकापर्यंत धावत आला. "या सर, या! तुमच्या कागदानं लई मोठं काम झालं बगा. रोज कोण ना कोण कानाचं रडगाणं घेऊन येत हुतं, आता सगळी गप हायत. परत कशाला मोजताय? एकदा झालंय की! आदी च्या घ्या."

'तो अहवाल चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे,' हे वाक्य मी वाटेत दहादा घोकलं होतं. मी मालकाच्या मागोमाग ऑफिसात जाऊन बसलो. ती यंत्र छातीशी धरून माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. चहाला ती नको म्हणाली.

मी घेतला.