अर्जातली बोडी

आता माझी फजिती मीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितली तर तिखटमीठ जास्त पडेल!

शाळेत मी गेले नाही. अक्षरं चुलीपुढं बसून स्वतः शिकले आणि राज्यघटनाही स्वतःच वाचली. एकोणिसावं कलम, बोलायचं स्वातंत्र्य, सारं पाठ!

आमच्या आसगावात शाळेमागं बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं. पाणी भरपूर, पण गेट गंजून जाम! खाली बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडलेल्या आणि धान निसवायला, लोंब्या धरायला आलेला. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर हाती दाणा नाही, नुसती तणस, कोरडा पेंढा. म्हणून आम्ही बायांनी तहसीलसमोर धरणं ठरवलं. अर्ज कोण लिहिणार? मीच! घोषणाही माझीच. परवानगीसाठी घेऊन गेले ठाण्यात.

ठाणेदार नवीन, कोल्हापूरकडचे. अर्ज वाचून त्यांचा चेहराच बदलला.

"आजी, ही घोषणा चालणार नाही. चिथावणी आहे ही."

"काहून? एकोणिसावं कलम वाचलं काय तुम्ही?"

"वाचलंय. त्यात बॉडी फोडायची मुभा नाही! कुणाची बॉडी?"

"सरकारी!"

साहेब ताडकन उभे. "कुठंय?"

"शाळेमागं. चार महिने झाले, तशीच पडून हाये. वास सुटला, पण कोणी हात नाही लावून राहिलं."

"चार महिने! आणि तुम्ही गप्प?"

"गप्प कायले राहू? तलाठ्याले सांगितलं. तो लांबी-रुंदी मोजून गेला."

"मोजून गेला?"

"हो जी. म्हणे, लय फुगली हाये, सावकाश पाहू."

"गाडी काढा! डॉक्टरला बोलवा!" साहेब ओरडले.

बाप्पा! माझ्या एका अर्जानं सरकार हललं! डॉक्टर कायले, असं मनात आलं. म्हटलं, पाणी तपासत असतील. ऐटीत गाडीत पुढं बसले.

शाळेमागं साहेब नाकाला रुमाल लावून झुडपं धुंडाळायला लागले. "कुठंय बॉडी?"

"हे काय समोर! म्हशी बसल्या ना तिच्यात!"

साहेबांनी म्हशींकडं पाहिलं. मग अर्ज माझ्यापुढं धरला. 'बॉडी फोडा, पाणी सोडा!'

अहो, आम्ही डाक्टर म्हणतो, कागदावर डॉक्टर लिहितात. मला वाटलं, बोडीचंही शुद्ध तसंच असणार!

पण मी हटले नाही. "माझं अक्षर चुकलं, मान्य. धान सुकून राहिला, ते खोटं हाये काय?"

"नाही. पण 'फोडा' नको. सरकारी मालमत्ता आहे. एवढा निर्बंध वाजवी आहे, आजी."

"मंग 'खोला' म्हणू. द्या परवानगी!"

गाडीच्या बोनेटवरच सही घेतली.

धरणं झालं, गेट उघडलं, धान वाचला. पण त्या दिवशी तहसीलसमोर मी मूठ वळून 'बोडी!' म्हटलं आणि मागून चाळीस बाया कडाडल्या, "बॉडी खोला!"

गावठी बोलू नका म्हणून अर्जाआधी दटावून दटावून मीच 'बॉडी' शिकवलं होतं ना! रस्त्यावरचे लोक जागीच थांबले.

ठाणेदार हळूच जवळ आले. "आजी, आता आणखी एक निर्बंध घालू का?"

म्हटलं, "घाला जी! पण बायांवर नाही, मास्तरणीवर घाला!"