लोटन आबांनी पास केलेली चक्री

जत्रेत कोणता पाळणा आणायचा हे ठरवणं हाही एक धंदा असतो, हे धुळ्याच्या लोटन आबांना पाहिल्याशिवाय कुणाला पटलं नसतं. गावोगावचे पंच जत्रेच्या महिनाभर आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसत आणि आबा विचारत, "जमीन कशी शे? काळी का मुरमाड?" काळ्या जमिनीत उंच पाळणा खचतो, तिथे हलकी चक्री बरी. नऊवारीतल्या बायका जास्त येत असतील तर पाळण्याच्या पेट्या बुटक्या हव्यात. लेकुरवाळं गाव असेल तर लाकडी घोडे. मग आबा स्वतः मालकाकडे जात आणि छोट्या हातोडीने साखळीची कडी न् कडी ठोकून ऐकत. धड कडी खणखणते, चिरलेली बद्द वाजते. एवढंच त्यांचं शास्त्र, पण पंचांचा त्यावर भारी विश्वास.

एक्कावन्न साली एरंडोल तालुक्यातल्या एका गावच्या खंडोबाच्या जत्रेसाठी आबा साखळ्यांना पाट टांगलेली चक्री बघायला गेले. मालक मोठा गोडबोल्या. त्याने चक्रीवरचे नव्या रंगातले मोर दाखवले, आणि केळीच्या पानावर वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकरी वाढली. साखळ्या पोत्यांत बांधलेल्या होत्या. आता पोती सोडा, कड्या ठोका, पुन्हा बांधा! जेवण अंगावर आलेलं. आबा म्हणाले, "पास शे." पंचांना मात्र त्यांनी सगळ्या कड्या ठोकल्याचं सांगितलं. आपण खोटं बोलतोय असंही त्यांना वाटलं नाही, इतकं ते वाक्य तोंडात बसलेलं होतं.

जत्रेत चक्री उभी केली एरंडोलच्या निंबा लोहाराने. तिसऱ्या दिवशी एक साखळी तुटली आणि अकरा वर्षांची शेवंता पाटासकट फेकली गेली. जीव वाचला, पण पाय जन्माचा अधू झाला. सगळे पोरीभोवती जमले असताना जत्रेला आलेल्या आबांना धुळीत तुटलेली कडी सापडली. चिरेत जुना गंज होता. हातोडी लागली असती तर ही कडी नक्की बद्द वाजली असती. आबांनी ती उचलली आणि जवळच्या विहिरीत टाकून दिली.

पंच बसले. आबा एवढंच म्हणाले, "साखळ्या मी ठोकीसन देखेल व्हत्यात." निंबाचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. साखळी चांगली होती म्हणजे बांधणाऱ्याने घाण केली, हे गावाने आपलं आपण ठरवलं. त्यानंतर एकाही पाळणेवाल्याने निंबाला बोलावलं नाही. ऐरण विकून तो बायको-पोराला घेऊन जळगावजवळ पिंप्राळ्याला गेला आणि केळीच्या बागांत मजुरी करू लागला.

आणि आबांचं काय झालं? नाव वाढलं! ते आता एकेक कडी तीनदा ठोकत. लोक म्हणत, आबांनी पास केलेल्या पाळण्यात डोळे झाकून बसावं. ते ऐकलं की आबा तिथून उठून जात. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी सात वर्षं काढली. भित्रा माणूस, दुसरं काय म्हणायचं!

अठ्ठावन्न साली त्याच गावच्या पंचांचा निरोप आला: यंदा जत्रेत शेला-नारळ देऊन तुमचा सत्कार करायचा. आबांना त्या रात्री अन्न गेलं नाही. सकाळी ते उठले आणि थेट पिंप्राळ्याला निंबाच्या दारात जाऊन उभे राहिले.

निंबाने धावत येऊन घोंगडी अंथरली. त्याच्या बायकोने, बेबाबाईने, गुळाचा चहा ठेवला.

"आबा, तुम्ही उनात! मी इसरनू नही," निंबा म्हणाला. "बठ्ठा गाव मन्हावर उठना व्हता. पन तुम्हीन मन्हं नाव लिधं नही."

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुप ऱ्हाय रे, निंबा," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं: न सोडलेली पोती, ते भरपेट जेवण, गंजलेली कडी, विहीर. "आते पंचासले सांगसू. शेवंताना बापलेबी सांगसू."

निंबा शिव्या देईल, निदान हाकलून तरी देईल, अशी आबांची आशा होती.

"सात वरीस मी स्वतःले शिव्या दिध्यात, आबा," तो म्हणाला. "वाटे, मन्हीच पिन ढिली ऱ्हायनी व्हई. मन्हा लीलाधर म्हने, बा, माले लोहारकाम शिकाड. मी त्याले हातोडाले हात लावू दिधा नही. म्हनू, आपला हातले पाप लागेल शे." लीलाधर आता जळगावच्या एका जिनात कापसाचे गठ्ठे ओढत होता. "पंचासले नंतर सांगा. पह्यले त्याले सांगा."

बेबाबाईने आबांकडे न बघता कप उचलले.

दिवस कलता कलता लीलाधर आला. डोक्यात कापूस, सदरा घामाने भिजलेला. आबांना पाहताच तो पाया पडायला वाकला. त्या घरात आबांना उपकारकर्ताच मानत होते. आबांनी त्याला अर्ध्यातच धरलं.

"पाया पडू नको, बाप्पा," ते म्हणाले. "तुन्हा बापनी काहीच चूक नव्हती. चूक मन्ही शे."

लीलाधरला काही कळेना. त्याने बापाकडे पाहिलं, तर निंबा भिंतीकडे तोंड करून रडत होता.