पाचव्या घरचं पीठ

मुलाकडे अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं मला एकच शंका छळायची, आपली देवी इथवर आली आहे का. देव्हारा होता, सकाळी दिवाही लागत होता. पण भवानीची परडी मी कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवली होती. जी आपणच लपवली तिच्यापुढे हात कोणत्या तोंडाने जोडायचे?

आमच्या घराण्यात नवरात्रातल्या शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायची रीत. बार्शीकडच्या आमच्या गावात सासूबाई वेताची परडी घेऊन पुढे चालायच्या, मी डोक्यावर पदर घेऊन मागे. दारात उभ्या राहून त्या खणखणीत हाक द्यायच्या, "जोगवा वाढा माय!" बाया मूठमूठ पीठ घालून परडीला हात लावायच्या आणि तो कपाळाला न्यायच्या. त्या पिठाची भाकरी देवीला दाखवून घरात सगळ्यांनी खायची. हाक मी कधी दिली नाही. माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. सासूबाई हसायच्या, "मी गेल्यावर काय मुक्यानं मागशील गं?"

पुढे आम्ही सोलापूरला नोकरदारांच्या कॉलनीत राहायला गेलो. माझा मुलगा सतीश तेव्हा चौथीत होता. त्याच्या वर्गातल्या मुलांनी सासूबाईंना आणि मला दारोदार जाताना पाहिलं आणि ती त्याला 'पीठमाग्या' म्हणू लागली. त्या संध्याकाळी त्याने भाकरीचं ताट बाजूला सारलं. मी रागावले नाही, कारण लाज मलाही वाटली होती. देवाघरी जाताना सासूबाईंनी एवढंच मागितलं होतं, "पाच घरं सोडू नकोस." ती मी सोडली. घरच्याच डब्यातलं पीठ परडीत टाकून नवरात्रं काढली.

इथे अमेरिकेत पार्सिपनीला सतीशकडे शनिवारी मराठी मंडळी जेवायला जमायची. पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळी शिकलेली आणि मनाने चांगली. "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं कोणी विचारलं की मी "सोलापूर" म्हणून स्वयंपाकघरात शिरायची. गावाचं नाव घेतलं तर जोगव्याचंही निघेल, अशी भीती.

तिसऱ्या नवरात्रात माझी सून मुग्धा सात महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरांनी तिला पडूनच राहायला सांगितलं होतं. बाळाच्या काळजीने सतीशचं बोलणं कमी झालं होतं. शुक्रवारी तो ऑफिसला गेल्यावर मी परडी काढली आणि मनाशी ठरवलं, आज पाच घरं झाली तर ठीक, नाहीतर ही देवीच्या पायाशी ठेवून रीत कायमची सोडायची. नुसतं खोटं सांभाळण्यात काय अर्थ?

"आई, हे काय आहे?" मुग्धाने पलंगावरून विचारलं. ती पुण्याची, त्यांच्याकडे ही रीत नाही. मी तिला सगळं सांगितलं, पीठमाग्यासकट. वाटलं होतं, हिला कमीपणा वाटेल.

"मग जा ना! कोण कोण घरी आहे ते मी फोन करून बघते."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"फार तर पोलिसांना बोलावतील. त्यांच्याकडूनही मूठभर घ्या." मग हळूच म्हणाली, "बाळासाठी मागा, आई."

तिने आमच्याच कॉम्प्लेक्समधली पाच दारं सांगितली आणि चिठ्ठीवर आमचा पत्ता लिहून दिला. पहिलं दार नागपूरच्या बाईंचं. मी परडी धरून नुसती उभी. "या ना काकू! पीठ संपलं का?" त्या म्हणाल्या. "जोगवा," एवढंच मी पुटपुटले. त्या जीन्सवर होत्या, पण आत जाऊन ओढणी डोक्यावर घेऊनच पीठ घेऊन आल्या. "माझी आजी वाढायची. विसरलेच होते मी." पुढच्या दोन घरी तसंच, तोंडातल्या तोंडात. चौथी तमिळ बाई. तिने काही न विचारता तांदळाचं पीठ घातलं आणि नमस्कार केला.

पाचव्या दाराची बेल दोनदा दाबली, पण मुग्धाच्या फोननंतर तिथली मंडळी बाहेर पडली असावीत.

मी बराच वेळ तिथे थांबले. मग परतले ती रस्ता चुकले. तिथल्या सगळ्या इमारती एकसारख्या, जिने एकसारखे. आमचंच दार समजून मी बेल दाबली. एका गोऱ्या म्हातारीने दार उघडलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. ब्रेडबिड काहीतरी करत असावी.

मला तिची भाषा येत नव्हती. आणि काय झालं मला ठाऊक नाही, तोंडातून खणखणीत हाक गेली, "जोगवा वाढा माय!" सासूबाईंची हाक, माझ्या आवाजात. म्हातारीने परडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि ओंजळभर पीठ आणून परडीत सोडलं. मी रडतेय हे पाहून माझ्या हातातली चिठ्ठी वाचली आणि दंडाला धरून आमच्या जिन्यापर्यंत पोचवून गेली. माझ्या बाहीवर तिची पांढरी बोटं उमटली होती.

त्या पाच तऱ्हांच्या पिठांची भाकरी धड थापता येईना, कडा फाटल्या. देवीला दाखवून मी सतीशच्या ताटात वाढली. मुग्धा आतून ओरडली, "पाच घरची आहे बरं का!" तो थबकला.

"हाक कोणी दिली?"

"मी."

"तू?" तो हसला, मग मान खाली घालून जेवू लागला. जरा वेळाने म्हणाला, "मीठ कमी पडलंय. अजून अर्धी दे."

मुग्धा दिवस भरून सुखरूप बाळंत झाली. नात झाली. ते कशामुळे, हे मी सांगणार नाही, मला ते कळतही नाही. त्या म्हातारीला द्यायला पुरणपोळ्या घेऊन दोनदा गेले, पण ते दार मला पुन्हा ओळखता आलं नाही. इतकी वर्षं वाटायचं, परडी मी सांभाळते आहे. त्या दिवशी कळलं, आपण फक्त ती पुढे धरायची. कोणत्या दाराशी न्यायचं हे आपल्या हातात नसतं, आणि नसलेलंच बरं.

पुढच्या नवरात्रात मुग्धा लेकीला कडेवर घेऊन, डोक्यावर ओढणी घेऊन दारात तयार उभी होती.

"चला आई," ती म्हणाली. "हाक तुम्ही द्या. मी मागे आहे."