हवेवरची गन आणि आम्ही दोघं

उजवा खांदा कामातून गेला तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. डहाणूच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, मी केला, तो कानापर्यंतही पोचला नाही. काय काम करता, त्यांनी विचारलं. सुतारकाम, म्हणालो. मग हातोडा सोडा, ते म्हणाले. जणू मी तंबाखूच खात होतो. तंबाखूही खात होतो, पण ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

घरी आशागडला येऊन बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, मग करणार काय? पस्तीस वर्षं मी खिळे मारत आलो होतो, दुसरं मला काही येत नाही. त्यातच किनाऱ्याकडच्या एका वाडीवाल्याचं मोठं काम नुकतंच घेतलं होतं. त्याला चिकूच्या झाडांखाली पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधायच्या होत्या. विटा नाहीत, सिमेंट नाही, नुसती पाइनच्या फळ्यांची चौकट. मुंबईच्या आर्किटेक्ट बाईंनी जो नकाशा दिला होता त्यात लाकडापेक्षा खिळेच जास्त दिसत होते.

हे काम आम्ही दोघं करणार होतो. माझा जोडीदार तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तो मला मिस्तरी म्हणतो; त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे बावीस वर्षांत मला कळलेलं नाही. भाताच्या लावणीला आणि कापणीला तो आठ-पंधरा दिवस गायब होतो, बाकी वर्षभर फळीच्या दुसऱ्या टोकाला तोच उभा असतो. मी मारतो, तो धरतो. कधी तो मारतो, मी धरतो. बोलायची फारशी गरज पडत नाही.

मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गोरा माणूस हवेवर चालणाऱ्या गनने टकाटक खिळे मारतो आणि चहा निवायच्या आत भिंत उभी करतो. मला वाटलं, हाच माझा खांदा. होळीनंतर बायकोला घेऊन वापीला गेलो. तलासरीच्या पुढे गुजरातची हद्द ओलांडली की वापी, आमच्याकडची माणसं हत्यारं घ्यायला तिकडेच जातात.

दुकानदाराने काउंटरवर तीन गन मांडल्या. गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांत त्याने मला खिळ्यांच्या पट्टीचा कोन समजावला, हवेचा दाब समजावला, कॉम्प्रेसर केवढा लागेल ते समजावलं. मी मान डोलवत होतो. बायकोने काही ऐकलं नाही. तिने एकेक गन उचलून हात लांब करून धरली आणि हात भरून आला की खाली ठेवली. पहिली सर्वांत जड होती. माझ्या खांद्याकडे बघून ती तिने बाजूला सारली. दुसरी हलकी आणि दिसायला देखणी. मी तिच्याकडे सरकतोय हे बघून बायकोने दुकानदाराला विचारलं, हिचे खिळे डहाणूत मिळतात का? तो म्हणाला, दिल्लीहून मागवावे लागतील. तिसरीचे खिळे त्याच्याच मागच्या खोलीत खोक्यांनी भरलेले होते. आम्ही तिसरी घेतली. मी तासभर अभ्यास केला होता, पण निवड या एका प्रश्नावर झाली.

एक निवड मात्र माझी स्वतःची होती. या गनच्या तोंडाशी एक सरकती दांडी असते. ती लाकडावर दाबली की आत जाते आणि तेव्हाच खिळा सुटतो, हवेत सुटत नाही. घोडा, म्हणजे बोटाने ओढायची कळ, दोन तऱ्हेचा लावता येतो. एकात आधी तोंड दाबायचं, मग घोडा ओढायचा, असं प्रत्येक खिळ्याला. दुसऱ्यात घोडा ओढूनच ठेवायचा आणि तोंड टेकवत जायचं, टेकेल तिथे खिळा. दुकानदार म्हणाला, पहिला घ्या, सावकाश चालतो पण सेफ आहे. व्हिडिओतल्या माणसाकडे दुसरा होता. मी दुसरा लावून घेतला.

पहिल्या दिवशी मी वाडीत कॉम्प्रेसर सुरू केला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि सात-आठ खिळे सलग मारले. खांद्याला काहीच झालं नाही. मला इतका आनंद झाला की दादाकडे बघायचं राहूनच गेलं. तो जवळ आला, खिळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला की सगळी डोकी लाकडात बुडली आहेत, अशाने फळी चिरेल. ते खरं होतं. दाब कमी करायला हवा होता. दुकानदाराने ते सांगितलंही होतं, पण गुजरातीत.

त्यानंतर दादाने त्या गनला हात लावला नाही. मी एक भिंत गनने करायचो, तो शेजारची हातोड्याने करायचा, आणि संध्याकाळी माझी भिंत त्याच्यापेक्षा पुढे गेलेली असली तरी तो आपल्याच भिंतीकडे बघून बिडी ओढायचा. मी समजावलं, चिडलो, दोन दिवस अबोला धरला. छताचं काम आलं की माझं भागणार नव्हतं. भिंतीला गन कमरेच्या उंचीवर चालते, छताला डोक्यावर धरावी लागते आणि तिथवर माझा हात जात नाही. दादाने ती उचलली नाही तर काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं आणि मी घरी. हे मी त्याला सांगितलं नाही. बावीस वर्षांनी माणसाच्या हे आपोआप लक्षात यावं, अशी माझी समजूत होती. तीही चुकीची.

पावसाळा गेला, दसरा आला. दसऱ्याला आम्ही माझ्या घरी हत्यारं धुऊन पाटावर मांडतो, त्या दिवशी काम करत नाही. पूजा दरवर्षी दादा करतो. तांदळाचं पीठ कुंकवात कालवून तो प्रत्येक हत्याराला लावतो आणि लावतो ते धारेवर. करवतीच्या दातांना, पटाशीच्या टोकाला, रंध्याच्या पात्याला. हत्यार जिथून खातं तिथे त्याला भरवायचं, असं त्याचं म्हणणं. त्या वर्षी मी गन घरामागच्या शेडमध्येच ठेवली होती, म्हटलं उगाच वाद नको. दादा स्वतः जाऊन ती घेऊन आला. भांड्यात राहिलेलं सगळं पीठ त्याने तिच्या तोंडाला लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी तोंड फिरवून नारळ फोडायला गेलो.

गन त्याने भिंतीला टेकवून उभी केली, तोंड खाली. तोंड कधी माणसाकडे करायचं नाही हे मीच त्याला दहा वेळा बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गनला पाईप जोडला, डाव्या हाताने उभी फळी धरली आणि सवयीने घोडा ओढत गन लाकडाकडे नेली. ती लाकडाला टेकायच्या आतच सुटली. खिळा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसातून फळीत गेला. फार दुखलं नाही, निदान लगेच नाही. मी आणि ती फळी एक झालो होतो, एवढंच.

दादाने आधी कॉम्प्रेसर बंद केला. मग करवत घेऊन माझ्या हाताच्या वर आणि खाली फळी कापली. तो इतक्या हळू कापत होता की मीच म्हणालो, जरा घाई कर. वाडीवाल्याच्या गाडीतून मी हातात वीतभर पाइन घेऊन डहाणूला गेलो. रस्ताभर दादा माझा हात आपल्या मांडीवर धरून बसला होता. डॉक्टर तेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातोडा सोडलात का, असं विचारलं. सोडला, म्हणालो.

हाड वाचलं, शीर वाचली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी आलो. आठ दिवसांनी बसून बसून कंटाळा आला म्हणून एका हाताने गन उघडली. तोंडाची दांडी आतच अडकलेली होती. तिच्या बाजूच्या फटीत गुलाबी खळ वाळून दगड झाली होती. रात्रभर गनच्या वजनाने दांडी दाबलेली राहिली आणि पिठाने ती तशीच धरून ठेवली. तोंड सदा दाबलेलंच, म्हणजे घोडा ओढला की खिळा.

मी दात घासायच्या जुन्या ब्रशने ते सगळं खरवडून काढलं. बायको बघत होती. दादाला सांगा, ती म्हणाली. मी म्हटलं, सांगणार नाही. सहा महिन्यांत त्या माणसाने पहिल्यांदा त्या यंत्राला आपलं मानलं होतं, आणि त्याच्या पूजेने माझा हात फोडला हे त्याला कळलं असतं तर त्याने गनच काय, पीठ भिजवायचं भांडंसुद्धा परत हातात घेतलं नसतं. शिवाय बोट घोड्यावर माझंच होतं. सावकाशीचा घोडा मीच नाकारला होता. त्याच दिवशी मी तो बसवून घेतला.

दादा भेटायला आला तेव्हा मी सांगितलं की बोट चुकून दाबलं गेलं. त्याने मला तासभर झापलं. इतकी वर्षं हत्यार धरतोस, अक्कल कुठे ठेवलीस, पोरासोरासारखं वागतोस. मी ऐकून घेतलं. शेवटी तो उठला, गन उचलली आणि म्हणाला की आजपासून ही माझ्याकडे राहील, तुझ्या हातात देण्यासारखी नाही.

अशा रीतीने छताचं काम झालं. महिन्याभरात दादा त्या गनने असे खिळे मारायला लागला की आर्किटेक्ट बाईंनी त्याचे फोटो काढले. मी फळ्या धरायचो. प्रत्येक खिळ्याआधी तो थांबायचा आणि म्हणायचा, "हात." मी हात लांब नेल्याशिवाय मारायचा नाही. शिवाय माझ्या हाताची गोष्ट त्याने सगळीकडे सांगितली. तलासरीच्या बाजारात, चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत, चिंचणीहून सुकट घेऊन येणाऱ्या बाईलासुद्धा. अर्ध्या तालुक्यात मी स्वतःचाच हात ठोकून घेणारा सुतार झालो. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकावं. मग तो तेलाचे थेंब मोजून सोडताना दिसायचा आणि मी गप्प बसायचो.

वर्ष गेलं आणि परत दसरा आला. दादा पीठ कालवून आला, करवत झाली, पटाशी झाली. त्याने गन पुढ्यात घेतली आणि बोटं भांड्यात बुडवली. आता मात्र पर्याय नव्हता. उद्या ती त्याच्या हातात असणार होती.

"दादा," मी म्हणालो, "हिच्या तोंडाला नको. मुठीला लाव."

"हत्याराला धारेवरच लावत्यात."

"हिला नको."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गन उचलून अंगठ्याने तोंडाची दांडी दाबली, सोडली. ती आत गेली, बाहेर आली. त्याने आपल्या बोटांवरच्या पिठाकडे बघितलं. तो सुतार आहे, त्याला पुढे काही समजवावं लागलं नाही.

"वरीसभर तुला बोललो मी," तो म्हणाला.

"बोट माझंच होतं."

"सांगितलं का नाय?"

"तू परत तिला हात लावला नसतास. आणि मी घरी बसलो असतो."

त्याने गनच्या मुठीला एक ठिपका लावला, तिला आडवी ठेवली, बोटं धोतराला पुसली आणि जेवायला न थांबता निघून गेला. बायकोने त्याचं ताट वाढलेलं होतं. ते तिने झाकून ठेवलं, पुन्हा उघडलं, शेवटी आम्हीच खाल्लं. मला फार वाईट वाटलं. वर्षभर गप्प बसलो ते चुकलं, की आज बोललो ते चुकलं, हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी तो येईल असं मला वाटलं नव्हतं. मी वाडीत पोचलो तेव्हा कॉम्प्रेसर सुरू होता आणि दादा शेवटच्या खोलीच्या कट्ट्यावर बसून माझी वाट बघत होता. त्याने गन माझ्या हातात दिली. वर्षभराने ती हातात आली, मला वाटली होती त्यापेक्षा जड लागली. मग त्याने उभी फळी धरली. खिळा लागला त्या सकाळी मी धरली होती तशीच, अंगठा तिथेच.

मी तोंड टेकवलं. "हात," मी म्हणालो.

त्याने हात काढला नाही.

"दादा, हात."

"मार," तो म्हणाला.

मी गन मागे घेतली. घोड्यावरचं बोट काढलं. तोंडाची दांडी दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबून बघितली. मग तोंड परत टेकवलं आणि मारला. खिळा त्याच्या अंगठ्याशेजारी फळीत बसला. मी वरच्या खुणेकडे सरकलो, आणि दादाही हात तसाच फळीवर ठेवून माझ्याबरोबर वर सरकला.