बारा सूत

“हिलाच स्वतंत्र खोली हवी होती हो. नाहीतर मामांना आम्ही कशाला पाठवतोय इगतपुरीला?”

बाबा हॉलमध्ये शेजारच्या काकूंना सांगत होते. मामा वारले त्याला आठ दिवस झाले होते आणि काकू भेटायला आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात चहाचे कप ट्रेमध्ये ठेवत होते. ‘हिलाच’ म्हणजे मला. आठ दिवसांत हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होते. दर वेळी बाबांचा आवाज आधीपेक्षा खरा वाटायचा.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. अंबडच्या कारखान्यात जन्मभर फिटर. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर आमच्याकडे आतल्या खोलीत राहायला आले. सोसायटीत त्यांना सगळे पाइपमामा म्हणायचे, कारण हातात नाहीतर बगलेत कायम पाइपचा एखादा तुकडा. माणसांच्या डोळ्यांत बघून ते बोलत नसत, त्या पाइपकडे बघून बोलत. मला ते फार सोयीचं होतं. पाहुण्यांसमोर बाबा मला “जरा इंग्लिश बोलून दाखव” म्हणाले की आतून मामांची हाक यायची, “तिला इकडे पाठवा, पाइप धरायचाय.” बऱ्याचदा धरायला पाइप नसायचाच.

बाबांनी हौसेनं चार फुटी फिशटँक आणला आणि त्याला भारीतला फिल्टर लावला. पाण्याची धार इतकी जोरात, की एंजल मासे दिवसभर एका कोपऱ्यात दबून असायचे. “व्यायाम होतो त्यांना,” बाबा म्हणाले. मामा अर्धा तास टँकसमोर उभे राहिले आणि मग अर्धा इंची पाइप घेऊन आले. टँकच्या लांबीचा आडवा पाइप, त्याला ओळीनं बारीक भोकं, शेवटाला टोपण. एका धारेच्या तीस धारा होणार आणि जोर वाटला जाणार.

“बारा-बारा सुतांवर खुणा कर,” त्यांनी मला सांगितलं.

सूत हे फिटर लोकांचं माप. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे बारा सूत दीड इंच. इंग्रजी शाळेत ते कुणी शिकवलं नव्हतं. मी पट्टी घेतली आणि बारा-बारा मिलिमीटरवर पेन्सिलनं रेघा मारल्या. विचारायची लाज वाटली. मामांनी चष्मा न लावताच ड्रिल सुरू केलं. चौथ्या भोकाला मला कळलं, की एवढी दाटीवाटी त्यांना नको असणार. ते भोकं पाडत गेले, मी पाइप धरून बसले. संध्याकाळी जोडून पाहिलं तर तीसच्या जागी शंभरेक भोकं, धारा निघाल्याच नाहीत. पाइपातून नुसती लाळ गळाली.

मामांनी खुणा मोजल्या. मग पाइपकडे बघत विचारलं, “कितव्या भोकाला कळलं तुला?”

“चौथ्या.”

“मग तेव्हाच बोलायचं ना गं. भोक मोठं करता येतं, बुजवता येत नाही.”

रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा पाइप आणला. या वेळी भोकांची तोंडं त्यांनी मागच्या काचेकडे वळवली. “माशाच्या तोंडावर पाणी मारायचं नाही. काचेवर मारायचं. काच सांगते त्याला हळूच.” दोन दिवसांत मासे कोपरा सोडून टँकभर फिरू लागले. बाबा पाहुण्यांना सांगायचे, “आम्ही घरीच बनवलंय.” आम्ही! बाबांनी त्या पाइपला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मग मला घरून काम करायची नोकरी लागली. एकदा जेवताना बाबा म्हणाले, “हिच्या मीटिंगा असतात. मामा, तुमचं इगतपुरीचं घर रिकामंच आहे ना?” आई आमटी वाढत राहिली. मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. मी हॉलमधल्या टेबलावर हेडफोन लावून खुशाल काम करत होते. मला खोली नको होती. एवढंच म्हणायचं होतं. मी ताटातला भात कालवत बसले.

जाताना ते टँकपाशी थांबले. “टोपण चिकटवू नका. महिन्यातून एकदा काढून आतून ब्रश फिरवा,” पाइपला म्हणाले. स्वतःसाठी त्यांनी एक शब्द काढला नाही, याचा मला त्यांच्यावरही राग आहे. इगतपुरीच्या त्या घरात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना हात लावला तर ओला होतो. त्यांना दमा होता, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते इगतपुरीला गेल्यावर, टोपण जरा ठिबकतं म्हणून बाबांनी प्लंबरकडून सोल्युशन लावून चिकटवून घेतलं. भोकं शेवाळानं बंद झाली. मासे पुन्हा कोपऱ्यात गेले. श्रावणात फोन आला, मामांची छाती भरली होती. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

“हो ना,” बाहेर काकू म्हणत होत्या, “आजकालच्या मुलींना प्रायव्हसी लागते बाई.”

मी ट्रे उचलला. हॉलमध्ये गेले. माझ्या लॅपटॉपशेजारी, टेबलावर ट्रे ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलले.

“काकू, मी अजून याच टेबलावर काम करते. मामांच्या खोलीत बाबांची ट्रेडमिल आहे. खोली मी मागितली नव्हती.”